चौथा मुद्दा

माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला की मुलगा अजून वैतागतो. "आई, बंद कर ना आता हे," म्हणतो. मी ऐकत नाही. तसं मी जन्मात फारसं कोणाचं ऐकलेलंच नाही, आणि त्यातलं एक न ऐकणं माझ्या जिवाला लागून राहिलंय.

फोन बायकांचे असतात. कोणाची मुलगी, कोणाची बहीण, कोणाची स्वतःचीच फाइल हातात. आजाराचं नाव घेताना सगळ्या अडखळतात. ल्युपस. मीही पहिल्यांदा अडखळले होते. मग मी त्यांना सांगते, नावाचं राहू द्या, आधी बसा, पाणी प्या, आणि मुलीला काय काय होतंय ते एकेक सांगा. मी डॉक्टर नाही हेही सांगते. दहावी झालेली, कुरडया-पापड करून विकणारी बाई आहे मी. पण माझ्या सुनेला हा आजार होता.

ती गेली त्याला येत्या दिवाळीत वर्ष होईल. ती होती तेव्हा मला तिला दोनच वाक्यं सांगायची होती. तुझं दुखणं मी वाढवलं, आणि मला माफ कर. एवढंच. भाजीवाल्याशी, सेक्रेटरीशी, नळाच्या माणसाशी तासन् तास भांडणारी मी, मला दोन वाक्यं जमली नाहीत.

आम्ही मुंबईबाहेर, इंद्रलोक नावाच्या वस्तीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. नवरा गेल्यावर मुंबईतली खोली विकून इथे आलो तेव्हा मुलगा कॉलेजात होता. इमारतीत आम्ही दोनच मराठी घरं, बाकी गुजराती, मारवाडी, एक दोन मद्रासी. त्यामुळे घराबाहेर पाऊल टाकलं की माझं हिंदी सुरू, आणि ते हिंदी कसलं आहे ते भाभी लोकांना विचारा. वाळवणाचा उद्योग मी इथेच वाढवला. गच्चीची चावी सोसायटी देत नव्हती. मी दोन मीटिंगांमध्ये असा काही आवाज चढवला की तिसऱ्या मीटिंगआधीच चावी घरपोच आली. फेब्रुवारी ते मे गच्ची माझी. गव्हाचा चीक, साबुदाण्याच्या चिकवड्या, सांडगे, आणि खालच्या भाभीसाठी खिचिया, म्हणजे त्यांचे तांदळाचे पापड.

सून पेणकडची. आई ती चौथीत असतानाच गेली, मग मामाकडे वाढली. मामी वाईट नव्हती, पण घरात आधीच तीन पोरं. अशा घरात वाढलेल्या मुलीला "नको" म्हणायची सवयच नसते. जे ताटात पडेल ते खायचं, जे अंगावर येईल ते घालायचं. बघायला गेलो तेव्हा मला तिचं अक्षर फार आवडलं होतं. भिंतीवर तिने कोणाच्या तरी बारशाची यादी लिहून लावली होती, काय सुंदर अक्षर. मी मुलाला गाडीतच म्हटलं, पोरगी नीटनेटकी आहे. तो हसला, म्हणाला, "आई, तू अक्षर बघायला आली होतीस का?"

अंधेरीला एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात होती ती. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसला, बाकीचे घरून काम. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी थंडीत तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. कुकरचं झाकण लावता येईना. आणि मी काय म्हटलं असेन? "मोबाईल बरा धरता येतो तुम्हा पोरींना, कुकरचं झाकण तेवढं धरता येत नाही." दुसऱ्या दिवशी मी मोरीत डोकावले तर ती भिजलेली ओढणी पिळायला बघत होती, आणि पीळ बसतच नव्हता. दोन्ही हातांनी, मग मनगटांनी, मग ओढणी नळाला गुंडाळून. डोळ्यांतून पाणी चाललेलं. माझ्या बोलण्याची मलाच लाज वाटली.

आता लाज वाटली की माणूस जास्तच करायला जातं. मी लागले तिच्या मागे. गल्लीतल्या डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या त्या चालू होत्याच, पण मला गोळ्यांचा भरवसा नव्हता. माझ्या आईने, सासूने, सगळ्यांनी सांधेदुखीवर जे केलं तेच मला ठाऊक. खोबरेल तेलात लसूण आणि ओवा कडकडून घ्यायचं, कोमट असताना अंगाला चोळायचं, आणि कोवळ्या उन्हात बसवायचं. वात आहे, दुसरं काय. तरुण पोरी एसीत बसून बसून वात ओढवून घेतात, असं मी छातीठोक सांगायचे.

तिचं घरून काम असेल त्या दिवशी, मुलगा सातला कामाला निघाला की मी तिला घेऊन गच्चीवर. मी चिकाचं पातेलं घेऊन, ती चटई घेऊन. आधी तिच्या पाठीला, खांद्यांना, बोटांना तेल चोळायचं, मग डोक्याला. डोक्याला हात लावला की ती डोळे मिटून घ्यायची. एकदा म्हणाली, "आई गेल्यापासून कोणी माझ्या डोक्याला तेल लावलं नव्हतं." मला गलबलून आलं. मी आणखी जोरात चोळलं.

मग मी कुरडया घालायला लागायचे आणि ती तिथेच बसायची. कोवळं ऊन आठपर्यंत. पण माझ्या कुरडया आठला कुठे आटपायला! नऊ वाजायचे, साडेनऊ वाजायचे. कावळे फार येतात आमच्याकडे, खाडीकडून येतात की काय कोण जाणे. तेव्हा खरं सांगायचं तर मला राखणीला माणूसही मिळालं होतं. मी खाली येऊन आंघोळ, पूजा उरकायचे, आणि ती वर काठी घेऊन बसलेली. तिच्या भल्यासाठीच बसवत होते, हे खरं. पण माझ्या कुरडयांसाठीही बसवत होते, हेही तेवढंच खरं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

एकदा, एप्रिल असेल, ती म्हणाली, "आई, तोंड जळतंय. ऊन लागतंय." मी म्हटलं, "लागू दे. लागल्याशिवाय वात निघत नाही." बस्स. परत ती त्यावर एक शब्द बोलली नाही.

तिच्या गालांवर लाली आली. नाकाच्या दोन्ही बाजूंना, सारखी. मी जिन्यात भाभीला थांबवून दाखवलं, "देखो भाभी, बहू का रंग कैसा खुला." भाभी म्हणाली, "अरे वाह." सून बिचारी ओढणी सारखी करून खाली बघत राहिली.

मे संपता संपता ताप यायला लागला. रोज संध्याकाळी. केस हातात यायचे. तोंडात फोड, तिखट लावता येईना. मग पाय सुजले, इतके की चपलेचा पट्टा रुतायचा. तीन महिने आम्ही नुसते फिरत होतो. एक म्हणाला टायफॉइड, एकाने डेंग्यूची तपासणी केली, एकाने टीबीची. प्रत्येकाकडे नवी फाइल. मुलाने सुट्ट्या संपवल्या, मग बिनपगारी घ्यायला लागला, मग मीच म्हटलं तू कामाला जा, मी जाते तिच्याबरोबर. शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरणीने रक्ताचे आणि लघवीचे रिपोर्ट पुढे घेतले आणि तिथे आम्हाला ते नाव मिळालं.

डॉक्टरीण तरुण होती, दमलेली होती, बाहेर ही रांग. तरी तिने समजावून सांगितलं. अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगाशी लढते तीच उलटून आपल्याच अंगावर चालून जाते. सांधे, कातडी, मूत्रपिंड. हिच्या मूत्रपिंडापर्यंत पोचलंय. कायमचा आजार आहे, पण औषधांनी आटोक्यात राहतो, घाबरू नका. मी मान हलवत होते. निम्मं कळत होतं.

मग तिने विचारलं, "धूप में बैठती हो क्या? धूप से ये बहुत भड़कता है."

मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. सून माझ्याकडे बघेल असं वाटलं. ती डॉक्टरणीच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. म्हणाली, "नहीं मॅडम. ऑफिस आते-जाते जितनी लगती है, उतनीच."

डॉक्टरणीने तसंच लिहून घेतलं. मीही गप्प बसले. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं मी. रिपोर्टमध्ये खरं जायला हवं होतं, दुसरं काही नाही तरी. पण मी माझी लाज सांभाळत बसले आणि तिने मला ती सांभाळू दिली.

स्टेशनवरून रिक्षात बसलो तेव्हा तिने ओढणी कपाळापर्यंत ओढून घेतली. फाटकाजवळ रिक्षा अडकली. मी म्हटलं, "चहा पिशील?" ती म्हणाली, "घरी जाऊन पिऊया." दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी घेऊन मी उगाच दारात उभी राहिले. ती म्हणाली, "आई, आता वर यायला जमायचं नाही हं, ऑफिसचं काम लवकर सुरू होतं." मी बरं म्हटलं. खोलीतच तेल लावत जाईन म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तेवढंही सुचलं नाही, आणि ती वाटी बंदच झाली.

त्यानंतर मी माहितीच्या मागे लागले. मला सगळं जाणून घ्यायचं होतं. आणि आतून मला कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की उन्हाने काही एवढं होत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका. केमिस्टला विचारलं, तो म्हणाला, "मौसी, डॉक्टर से पूछो." मोबाईलवर शोधलं. एक दाढीवाला मुळापासून बरं करायची पावडर विकत होता. दुसरा म्हणत होता स्टेरॉइड हेच विष, आजच्या आज फेकून द्या. मला ते पटलं. गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला होता ना. मी तिच्यापुढे मोबाईल नाचवला तर ती पहिल्यांदाच ठाम बोलली, "आई, ती गोळी एकदम बंद करायची नसते. जिवावर बेततं." मी मोबाईल खाली ठेवला. दुसऱ्यांदा तीच चूक करायला निघाले होते.

तिला सगळं ठाऊक होतं. इंग्रजीत वाचायची ती, रोज. मी विचारायचे, "काय लिहिलंय गं त्यात?" ती म्हणायची, "तेच. आराम करा, वेळेवर गोळ्या घ्या." आणि स्क्रीन बंद करायची. मराठीत मला कुठे धड काही सापडलं नाही. सापडलं ते असं की वाचून डॉक्टरच व्हावं लागेल.

दवाखान्यातल्या एका नर्सने सांगितलं, या आजाराच्या लोकांचा एक गट आहे, महिन्यातून एकदा रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भेटतात. आम्ही गेलो. दाराशी छत्र्यांचा हा ढीग. फेब्रुवारीचे दिवस, आभाळात ढगाचा ठिपका नाही. मी आपली तोंडाळ, म्हटलं, "अहो, पाऊस कुठे आहे? छत्र्या कशाला?" एक मुलगी हसून म्हणाली, "उन्हासाठी काकू. आमचा पाऊस तोच." पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्याला स्कार्फ. बावीस-तेविशीच्या पोरी होत्या, काही तर शाळेतल्या. मी त्यांच्या आयांकडे बघत होते. एकीच्याही डोळ्याला डोळा भिडवायची मला हिंमत झाली नाही.

पण सून तिथे खुलली. इतकी बोलताना मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. कोणाचे केस किती गळले, कोणाला ऑफिसात आळशी म्हणतात, कोणाच्या नवऱ्याला वाटतं नाटक करते. गोडदेवच्या एका मुलीला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं होतं, आजार लपवला म्हणून. ती रडायला लागली तेव्हा माझ्या सुनेने तिचा हात धरून ठेवला. परतताना मला म्हणाली, "आई, मला वाटायचं मी एकटीच आहे." नंतर थोड्या वेळाने म्हणाली, "मला तरी तुम्ही आहात." मी खिडकीबाहेर बघत राहिले. हा क्षण होता बोलायचा. असे कितीतरी क्षण मी घालवले.

गट चालवणाऱ्या ताईंनी एक कागद वाटला होता. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. पुढच्या खेपेला मी उभी राहिले आणि म्हटलं, "हे हिंदी कोणाला कळणार हो? शोथ म्हणजे काय? सूज म्हणा की सरळ. माझी आई असती तर तिला यातलं अक्षर कळलं नसतं, आणि घरात औषधपाणी बघणाऱ्या तर त्याच बायका असतात." सगळे हसले. ताई म्हणाल्या, "मग काकू, मराठी तुम्हीच लिहा."

झालं, घेतलं अंगावर. दुपारची भांडी आटपली की मी वही घेऊन बसायचे. कुरडयांच्या ऑर्डरींची वही, तिच्या मागच्या पानांवर. आपण जसं बोलतो तसं लिहिलं. हा आजार कोणाच्या शिवण्याने, कोणाच्या ताटात जेवल्याने लागत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी एक दिवसही सोडू नका, कोणी मोबाईलवर काहीही सांगो. ताप आला, पाय सुजले, लघवीला फेस आला तर थांबू नका. थकवा म्हणजे आळस नव्हे. हे शेवटचं लिहिताना मला कुकरचं झाकण आठवलं.

मूळ कागदावर चौथा मुद्दा उन्हाचा होता. धूप से बचें. तीन शब्द. मी तिथे आले की पेन खाली ठेवायचे. उठून पाणी प्यायचे, गॅस बंद आहे का बघायचे. दोन दुपारी असंच झालं. तिसऱ्या दिवशी मी तो मुद्दा ओलांडून पुढे गेले आणि पाचव्याला चार नंबर दिला. म्हटलं, डॉक्टर सांगतातच की. स्वतःला काय वाट्टेल ते पटवता येतं माणसाला.

कच्चं लिखाण सुनेकडे दिलं. अक्षर तिचं चांगलं, त्याच्याच झेरॉक्स निघणार होत्या. तिने जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचलं. मी कढीला फोडणी देत होते, पण कान तिकडे.

"आई, यात एक राहिलंय."

"काय राहिलंय? सगळं आहे," मी मागे न बघता म्हटलं. माझ्या आवाजाला धार होती. तिने दोन्ही कागद गोळा केले.

बोटं चालायची तेव्हाच ती लिहायची, रोज चार ओळी. आठवडाभराने कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला दिसला. मुलगा कामाला गेला होता. ती ओट्यापाशी उभी राहून गोळ्यांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत होती. मी चष्मा लावून वाचायला लागले. एक, दोन, तीन. चौथा मुद्दा तिने आपल्या जागी परत आणला होता.

"४. उन्हापासून जपा. कोवळं ऊनही नको. सांधे दुखतात म्हणून घरच्या कोणी आधी उन्हात बसवलं असेल, तर त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मायेनेच बसवलं."

मी ते किती वेळ वाचत होते कोण जाणे. मागे गोळ्या डबीत पडल्याचा आवाज येत होता. तिला कळत होतं मी कुठल्या ओळीवर आहे. आता वळायचं आणि बोलायचं, बस्स. दोन वाक्यं.

मी म्हटलं, "ही ओळ फार लांब झाली. एका पानात मावायची नाही."

ती म्हणाली, "मावेल आई. मी अक्षर बारीक केलंय."

या विषयावर आम्ही दोघी जन्मात एवढंच बोललो. मी गॅसवरच्या आमटीत मीठ घातलंय की नाही ते बघायला गेले. तिने डबीची झाकणं एकेक करून लावली, आणि एक बसेना तेव्हा माझ्यापुढे धरली. मी ते दाबून बसवलं.

कागद सगळ्यांना आवडला. ताईंनी खाली लिहिलं, मराठीत बोलायचं असल्यास, आणि माझा नंबर. तेव्हापासून हे फोन. सुरुवातीला सून शेजारी बसायची. मी काही चुकीचं सांगायला लागले की हाताने खूण करायची, आणि मी म्हणायचे, "थांबा हं, आमच्या मॅडम सांगतायत."

पावसाळ्यात तिचं मूत्रपिंड जास्त बिघडलं. मोठी औषधं सुरू झाली, सलाइनमधून द्यायची. त्यांनी आजार दबतो पण अंगातली ताकदही दबते, साध्या सर्दीचीही भीती. आम्ही घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला बंदी केली. मी भाजी गरम पाण्याने धुवायचे, मुलाला दारातच कपडे बदलायला लावायचे. कशातून आलं कळलं नाही, तिला न्यूमोनिया झाला.

अकरा दिवस दवाखान्यात होती. मी दुपारी बसायचे, मुलगा संध्याकाळी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मला तर येत होतं. मी तिला काय काय सांगत बसायचे. भाभीने शिरा पाठवलाय, गच्चीच्या टाकीचं झाकण परत उडालं, गोडदेवच्या मुलीला नवरा घ्यायला आला. ती डोळ्यांनी ऐकायची. आठव्या दिवशी मी म्हटलं, "अगं, तुला एक सांगायचंय." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो अशी नाही, नको अशी. जन्मात पहिल्यांदा मला "नको" म्हणाली ती. मग माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. केस कुठे राहिले होते? मी तसाच हात ठेवून बसले, भेटायची वेळ संपेपर्यंत.

अकराव्या दिवशी दुपारी गेली. मुलगा तेव्हा खाली औषध आणायला गेला होता. तो पिशवी घेऊन वर आला आणि पिशवी कोणाकडे द्यायची ते त्याला कळेना. तो रडत नव्हता. मीच ओरडून ओरडून रडले, सगळा वॉर्ड बघत होता. बघू दे म्हटलं.

यंदा मी वाळवण घातलं नाही. गच्चीची चावी सोसायटीला नेऊन दिली. सेक्रेटरी म्हणाला, "क्या हुआ आंटी, झगडा खतम?" मी जिना चढायला लागले.

फोन मात्र घेते. परवा दुपारी एक आला, तारोडीहून. बाई सुक्या मासळीचा धंदा करणारी. सुनेची बोटं वळत नाहीत, तोंड लाल झालंय, तालुक्याच्या डॉक्टरने हे नाव लिहून दिलंय, आणि कोणीतरी आमचा कागद दिलाय. "मला वाचता येत न्हाय बाय. तू वाच." मी वाचायला लागले. तीन मुद्दे झाले, चौथा सुरू केला, कोवळं ऊनही नको एवढं म्हटलं आणि पलीकडे आवाज थांबला.

"ऐकताय ना?" मी विचारलं.

"म्या तर तिला रोज बसवलं गो," ती म्हणाली. "बोंबील वाळत घातलं का तिथंच बसवायची मी तिला. ऊन घे म्हनायची, बोटं मोकली व्हतील. दोन महिनं झालं. म्याच केलं ना हे?"

माझ्या घशाशी आलं होतं, बाई, मीही. पण तिला माझं ऐकून काय मिळणार होतं? मी म्हटलं, "थांबा, ओळ पुरी झालेली नाही." आणि पुढचं वाचलं. त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मायेनेच बसवलं. मला पाठ आहे, तरी कागदावर बोट ठेवून वाचलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "हे डाक्टरनं लिवलंय?"

"नाही. माझ्या सुनेने."

"तिला बी हाच आजार हाय?"

"हो."

"मग आता कशी हाय ती? बरी हाय ना?"

खोलीत पंखा चालू होता. मुलगा त्या दिवशी घरी होता, आतल्या खोलीत. मी दाराकडे बघितलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

"देवाची किरपा," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात जरा जीव आला होता. "उद्यापासून उन्हात न्हाय बसवत. आनि तुज्या सुनंला सांग, तारोडीच्या बायनं लय आशीर्वाद दिलाय म्हनून. सांगशील ना?"

"सांगते," म्हटलं.